स्पॅनिशमधला 'से' आणि मराठीतले 'घेणे'

जयपूरची मेट्रो 3 जून 2015 रोजी मानसरोवर ते चांदपोल धावू लागली. रामनगर आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधले स्थानक सिविल लाइंस. तिथे उतरायच्या आधी डब्यात घोषणा होते आणि तिच्यात 'दरवाज़े खुलेंगे' हे दोन शब्द असतात. दरवाजे कोण उघडणार, याची चौकशी कोणी करत नाही. ते खुलतात. हेच मराठीत 'दारे उघडतील' आणि स्पॅनिशमध्ये 'लास पुएर्तास से आब्रिरान'. तिन्ही वाक्यांत उघडणारा गायब आहे, पण तिन्ही भाषांनी त्याला वेगवेगळ्या वाटेने बाहेर काढले आहे. हिंदीने क्रियापदाचा स्वर बदलला: खोलना, खुलना. मराठीने काहीच बदलले नाही. 'मी दार उघडले' आणि 'दार उघडले' यांत क्रियापद तेच. स्पॅनिशने 'आब्रिर' या सकर्मक क्रियापदापुढे 'से' हा एकाक्षरी शब्द आणून बसवला.

हा 'से' म्हणजे स्पॅनिश शिकणाऱ्याची खरी डोकेदुखी. माझ्याकडे संध्याकाळी चार-पाच मुले शिकायला येतात. आमेर, हवामहल, जंतरमंतर त्यांना स्पॅनिशमधून दाखवायचे आहे. पर्यटकांच्या या शहरात त्या भाषेवर पोट भरते. क्रियापदांची रूपे ती भराभर पाठ करतात आणि 'से'पाशी येऊन अडतात. पाठ्यपुस्तक सांगते की ही 'आत्मवाचक क्रियापदे', आणि मुले प्रत्येक 'से'च्या जागी 'खुद को' घालून पाहतात. मग दरवाजे स्वतःला उघडतात, घर स्वतःला विकते आणि पेला स्वतःला पाडतो. त्यात हिंदीतला 'से' आणखी घोळ घालतो. 'मुझसे गिलास टूट गया' या वाक्यातला 'से' आणि स्पॅनिश 'से' यांचा काडीचाही संबंध नाही, पण नेमके त्याच अर्थाच्या स्पॅनिश वाक्यात 'से' असतो, त्यामुळे मुलांना वाटते, सापडले.

माझे म्हणणे असे की 'से'चा अर्थ 'स्वतःला' असा धरणे हीच मुळातली चूक आहे, आणि ती टाळण्याचे साधन मराठी माणसाच्या हातात आधीपासून आहे. (स्पॅनिश उच्चारात 'व' आणि 'ब' एकच, म्हणून पुढे सगळीकडे 'ब' लिहिला आहे.)

आधी वंशावळ. स्पॅनिश 'से' लॅटिनमधून आला. त्याच घराण्यातला संस्कृत शब्द 'स्व'. म्हणजे मुळात तो आत्मवाचकच होता, हे खरे. 'मारिया से मिरा' म्हणजे मारिया आरशात स्वतःला पाहते. इथे पाहणारी तीच, दिसणारीही तीच. पण नित्याच्या बोलण्यात अशी शुद्ध आत्मवाचक वाक्ये कितीशी असणार? माणूस स्वतःला पाहतो, जखमी करून घेतो, दोष देतो. यादी संपत आली. मग हा शब्द दिवसभर कानावर का पडतो? कारण तो सर्वनामाचे काम सोडून क्रियापदाचे काम करू लागला. कर्त्यापासून निघालेली क्रिया दुसऱ्यापर्यंत न पोहोचता कर्त्यापाशीच वळली, किंवा कर्त्याची जागाच रिकामी राहिली, एवढी खूण तो करतो.

पहिली गोष्ट पाणिनीला चांगली ठाऊक होती. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद, असा त्याचा उभयपदी धातूंविषयीचा नियम आहे. स्वतःसाठी यज्ञ करणारा यजमान 'यजते', आणि दुसऱ्यासाठी करणारा ऋत्विज 'यजति'. प्राकृतात ही व्यवस्था मोडली आणि मराठीपर्यंत आत्मनेपद पोहोचले नाही, असे आपण शिकलो. रूप पोहोचले नाही, हे बरोबर. पण ती गरज कुठे जाणार? 'हात धुऊन घे' आणि 'बाळाचे हात धुऊन दे' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. घेणे म्हणजे आत्मनेपद, देणे म्हणजे परस्मैपद. जेवून घेणे, वाचून घेणे, आवरून घेणे, समजून घेणे: फळ कर्त्याच्या पदरात. स्पॅनिशमध्ये 'लाबार' म्हणजे धुणे. 'मे लाबो लास मानोस' म्हणजे मी हात धुऊन घेतो. 'माझे हात' असे तिथे म्हणत नाहीत. नुसते 'हात' म्हणतात, कारण कोणाचे ते 'मे'ने आधीच सांगितले. आपणही 'मी माझे हात धुतो' असे कुठे म्हणतो? ते वाक्य इंग्रजी शाळेतून आले.

म्हणून वर्गात मी 'खुद को' बंद केले आणि संयुक्त क्रियापदे फळ्यावर लिहिली. 'इर' जाणे, 'इर्से' निघून जाणे. 'कोमेर' खाणे, 'कोमेर्से' खाऊन टाकणे. आणि गंमत पाहा, 'कोमेर्से'ला नेमके काय किंवा किती खाल्ले ते लागते. अख्खा आंबा, चार पोळ्या. नुसते 'तो खाऊन टाकतो' हे मराठीतही लोंबकळतेच. 'दोर्मिर' झोपणे, 'दोर्मिर्से' झोप लागणे. 'केदार' उरणे, 'केदार्से' राहून जाणे. ही जोडकामे सगळीकडे बिनचूक बसतात असे नाही. 'केखार्से' म्हणजे तक्रार करणे, 'आर्रेपेंतिर्से' म्हणजे पस्तावणे, 'आत्रेबेर्से' म्हणजे धजावणे. यांना 'से'विना रूपच नाही, त्यामुळे इथे 'से' काय करतो हे विचारण्यात अर्थ नाही. तो क्रियापदाला चिकटलेला आहे, इतकेच. पण पस्तावणे, कुरकुरणे, धजावणे या सगळ्या मनातल्या मनात घडणाऱ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवले की पाठांतर हलके होते.

दुसरे काम, कर्त्याची जागा रिकामी करण्याचे. इथे विषय दाट होतो.

आंद्रेस बेल्यो हा काराकासला जन्मलेला पंडित. त्याचे अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेले व्याकरण 1847 मध्ये चिलीत निघाले. दार उघडते, काठी मोडते अशा रचनांना त्याने 'जणू आत्मवाचक' अशा अर्थाचे नाव दिले. त्या 'जणू'त त्याची सगळी समज आहे. काठी स्वतःला मोडत नाही. मोडणारा नजरेआड झाला म्हणून काठीच कर्त्यासारखी वागते. आपल्याकडे या प्रकाराला जुने नाव आहे: कर्मकर्तरि. कर्मच कर्ता बनते. 'ओदनः पच्यते', भात शिजतो. संस्कृतात इथे जे रूप येते तेच कर्मणीचे रूप. म्हणजे 'भात शिजतो' आणि 'भात शिजवला जातो' या दोन्हींना एकच वेष. स्पॅनिश 'से' अगदी हेच करतो. एकाच वेषात दोन अर्थ, आणि ओळखायचे प्रसंगावरून.

मराठीने मात्र हे दोन अर्थ निरनिराळे ठेवले, तेही मोठ्या नेटकेपणाने. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे. पहिले आपोआप घडणारे, दुसरे कोणीतरी घडवणारे. काही क्रियापदांनी ही वाटणी केलीच नाही: उघडणे, मोडणे, सांडणे, उकळणे, भरणे. दूध सांडले, मी दूध सांडले. स्पॅनिश विद्यार्थ्याला एक कसोटी उपयोगी पडते: वाक्यात 'आपोआप' घालून पाहावे. 'दार आपोआप उघडले' बसते. तिथला 'से' कर्मकर्तरि. 'घर आपोआप विकले' बसत नाही. तिथे माणूस आहे, फक्त दडवला आहे. 'से बेंदे' अशी पाटी स्पेनमध्ये घराघरावर दिसते, तिचे मराठी 'विकणे आहे'. 'से आल्किला' म्हणजे 'भाड्याने देणे आहे'. शब्दाला शब्द जुळत नसला तरी रीत जुळते: मालकाचा पत्ता नाही, घराने पाटी धरली आहे. आणि 'हे पुस्तक खूप खपते' म्हणायचे झाले तर स्पॅनिश पुन्हा तोच 'से' आणते. 'खपणे' असा वेगळा शब्द तिच्यापाशी नाही.

आता एक जुळणी, जी मला कुठल्या पुस्तकाने सांगितली नाही. फळा पुसताना सापडली, आणि मग बराच वेळ मी खडू हातात धरून उभा होतो. स्पॅनिशमध्ये 'से बुस्कान तेस्तिगोस' म्हणजे साक्षीदार हवे आहेत. साक्षीदार अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. पण 'से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस', गुन्हेगारांचा शोध चालू आहे, यात गुन्हेगार अनेक असूनही क्रियापद एकवचनात थिजलेले. फरक कशाने पडला? 'आ' या शब्दाने. विशिष्ट माणूस कर्म असेल तर स्पॅनिश त्याच्यापुढे 'आ' लावते, आणि तो लागला की क्रियापद कर्माकडे पाहणे सोडून देते. आता मराठी पाहा. 'पोलिसांनी टोळी पकडली': कर्म स्त्रीलिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी, कर्मणी प्रयोग. 'पोलिसांनी टोळीला पकडले': 'ला' लागला, क्रियापद नपुंसक एकवचनात थिजले, भावे प्रयोग. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजच्या स्पर्धा परीक्षांच्या गाइडांपर्यंत ज्या भावे प्रयोगाने पिढ्यांना छळले, त्याचा सख्खा भाऊ माद्रिदला राहतो. मराठीत कर्ता 'ने' लावून वाक्यात थांबतो आणि स्पॅनिशमध्ये तो उघडपणे येतच नाही, हा भेद खराच. पण कर्माला चिन्ह लागले की क्रियापदाने त्याच्याशी नाते तोडायचे, हा कायदा दोन्हीकडे एक.

'आ' आणि 'ला' लागण्याची कारणेही जुळतात. 'आम्ही मुलगी पाहिली' म्हटले की कांदेपोहे आठवतात. 'आम्ही मुलीला पाहिले' म्हटले की ती रस्त्यात दिसली. पहिल्यात कोणीतरी एक मुलगी, दुसऱ्यात ती ठरावीक मुलगी. स्पॅनिशमध्येही डॉक्टर हवा, कुठलाही चालेल, तर 'आ' नाही. अमुक एक डॉक्टर शोधतो आहोत, तर 'आ' हवा. 'वेटर पाहिजे' या पाटीवर 'आ' कधीच नसतो.

'पाहिजे' लिहिले आणि थबकलो. हा शब्द म्हणजे जुने कर्मणी रूप. संस्कृतातला कर्मणीचा 'य' प्राकृतातून मराठीत 'इज' होऊन आला. करिजे म्हणजे केले जाते, बोलिजे म्हणजे बोलले जाते. हा पुराणकर्मणी बोलण्यातून गेला, पण त्याची दोन रूपे मागे राहिली आणि ती आपण दिवसातून शंभरदा वापरतो. पाहिजे: पाहिले जाते, म्हणून शोधले जाते, म्हणून हवे असते. म्हणजे: म्हटले जाते. वाक्याच्या मध्ये 'म्हणजे' म्हणत अडखळणारा माणूस वास्तविक स्पॅनिश 'से दिसे' हेच म्हणत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

कर्ता नाहीसा करण्याच्या बाकीच्या तऱ्हांवर फार रेंगाळायला नको. अनेकवचनी क्रियापद नुसते ठेवून देणे ही एक: 'दिसेन के', म्हणतात की. मराठीतही 'म्हणतात' एकटेच उभे राहते. 'आय' म्हणजे 'आहे' किंवा 'आहेत', एकवचन-अनेकवचन एकच. भूतकाळात 'उबो' म्हणायचे तिथे पुष्कळ स्पॅनिश भाषक अनेकवचन करून 'उबिएरोन' म्हणतात आणि शिक्षकांची बोलणी खातात. 'उनो' म्हणजे 'एक', पण वापरायचे आपल्या 'आपण'सारखे. त्याची गरज का पडली हे मात्र पाहण्यासारखे आहे. 'लेबांतार्से', उठणे, याला स्वतःचा 'से' आहे. 'इथे लोक लवकर उठतात' हे कर्त्याविना सांगायचे तर आणखी एक 'से' लागेल, आणि दोन 'से' शेजारी बसत नाहीत. म्हणून 'उनो से लेबांता', आपण उठतो. आपला 'आपण' तर याहून कामसू: तो आत्मवाचक, तोच ऐकणाऱ्याला सामावून घेणारा 'आम्ही', तोच आदरार्थी 'तुम्ही', आणि 'आपण काय करणार?' मध्ये तोच कोणीही. मूळ आत्मन्, प्राकृतात अप्पण.

'से लो' ('त्याला ते') मधला 'से' यांतला नव्हेच. जुन्या स्पॅनिशमध्ये 'झे लो' होता, तो बदलत बदलत 'से लो' झाला. नातेवाईक नाही, नुसता आडनावबंधू.

हवेविषयी बोलताना दोन्ही भाषांत कर्त्याची कटकट नसते. 'युएबे' म्हणजे पाऊस पडतो. इथे मराठीने पावसाला कर्ता केले, स्पॅनिशने नाही. पण उजाडले, सांजावले, गडगडतेय, उकडतेय यांत मराठीलाही कोणी लागत नाही. स्पॅनिश 'आमानेसे' म्हणजे उजाडते. आणि रात्रभर प्रवास करून पहाटे जयपूरला पोहोचलेला स्पॅनिश माणूस म्हणतो, 'आमानेसी एन खाइपुर'. अक्षरशः, मी जयपुरात उजाडलो! (इंग्रजी जे पाहिला की त्यांच्या तोंडून ख निघतो, त्याला इलाज नाही.) मराठी प्रवासी म्हणेल, 'आम्हाला जयपुरातच उजाडले.' अनुभव तोच. पण मराठीने माणसाला चतुर्थीत बसवले आणि पहाटेला मोकळे सोडले. मला वाटते, मळमळते, आठवते, आवडते: सगळे मला होते, मी करत नाही. इथे स्पॅनिशचे 'मे गुस्ता', 'मे पारेसे' मराठीच्या इतके जवळ येतात की शिकवावे लागत नाही. ज्याला आवडते तो संप्रदान, हा पाणिनीचा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि संस्कृतात 'मला'साठी 'मे' हे लहान रूपही आहेच.

सिविल लाइंसमध्ये राहणाऱ्याला कर्त्याविना वाक्यांची सवय असते. राज्यपालांचे निवासस्थान इथे, मुख्यमंत्र्यांचे इथे, मंत्र्यांचे बंगले इथे. हुकूम सुटतात, बदल्या होतात, रस्ते बंद केले जातात. मराठीतही सरकारी कागद 'कळविण्यात येते की' असाच सुरू होतो. स्पॅनिश कार्यालय 'से इन्फोर्मा' लिहिते. 'से प्रोइबे फुमार' ही पाटी हिंदीत 'धूम्रपान मना है' आणि मराठीत 'धूम्रपान करू नये' होते. यात लपवाछपवीच असते असे मात्र समजू नये. शास्त्रालाही कर्ता नको असतो. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात 'रेखागणित' म्हणून आणली. तिथे रेषा कोणी काढली हे महत्त्वाचे नाही, रेषा काढली जाते एवढे पुरे. त्याच जयसिंहाने 1727 च्या सुमारास जेझुइट पाद्री फिगेरेदो यांच्याबरोबर आपली माणसे खगोलविद्येसाठी पोर्तुगालला पाठवली होती. पोर्तुगीज स्पॅनिशची बहीण, आणि 'से' तिच्याही घरी नांदतो.

राहिला तो 'से', जो मुलांना सर्वांत आवडतो. परवा एकाच्या हातून माझा काचेचा पेला फुटला. त्याने खाली पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शिकवलेले वाक्य अचूक म्हटले: 'से मे कायो एल बासो.' पेला पडला, आणि पडण्याची झळ मला लागली. शब्दाला शब्द लावला तर 'पेला माझा पडला', मोकळ्या मराठीत 'माझ्या हातून पेला पडला'. यात 'मी पाडला' नाही. पण 'माझा काही संबंध नाही' असेही नाही. हातून, कडून, आणि हिंदीतला 'मुझसे': माणूस घटनेत आहे, पण मालक म्हणून नव्हे. किल्ल्या विसरल्या, दूध उतू गेले, पोळी करपली, सगळे स्पॅनिशमध्ये 'से मे' लावून सांगतात. हे चतुर पळवाट काढणे आहे असे इंग्रजीत वाढलेल्या लोकांना वाटते. मला वाटत नाही. मुद्दाम पाडणे आणि हातून पडणे यांत फरक आहे, तो व्याकरणाने नोंदवला तर बिघडले काय? पेला मात्र चांगल्या संचातला होता.

उलट दिशेने पाहिले की मराठीची एक रचना स्पॅनिशमध्ये कुठेच सापडत नाही. आमेरच्या चढावर दमलेल्या पाहुण्या बाईंचे म्हणणे घरी आईला मराठीत कसे सांगू, असे माझ्याकडच्या एका मराठी मुलीने विचारले. मी म्हटले, 'त्यांना चढवत नाही.' ती म्हणाली, मग याचे स्पॅनिश? चढवत नाही, बघवत नाही, आजीला आता बसवते: हा शक्य भावे प्रयोग. यात इच्छा आहे, कर्तृत्व नाही. अंग साथ देत नाही, आणि तेही क्रियापदच सांगते. 'से' इथे चालत नाही. 'नो पुएदो मास' म्हणावे लागते, म्हणजे 'मी आणखी करू शकत नाही', आणि 'पुएदो'च्या शेवटच्या 'ओ'त तो मी धापा टाकत परत येतो. मुलीने ते वहीत लिहून घेतले, खाली 'चढवत नाही' लिहिले आणि दोन्हींच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह न काढता वही मिटली.